वक्तृत्व येतं, आता डिबेट शिका: शालेय सांघिक वादविवादाची पहिली ओळख

महाराष्ट्रातल्या शाळांना वादविवाद स्पर्धा नवीन नाही. बहुतेक ठिकाणी तिचा साचा ठरलेला असतो. प्रत्येक शाळेची एक जोडी, त्यातला एक अनुकूल बाजूने बोलणार आणि दुसरा प्रतिकूल. विषय कित्येक दिवस आधी कळतो, बाई किंवा सर भाषण लिहून देतात, मुलं ते पाठ करतात, इशाऱ्याची घंटा वाजते, मग शेवटची घंटा वाजते, आणि जोडीच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक दिला जातो. यातली गंमत अशी की इथे कोणी कोणाला उत्तरच देत नाही. पंधरावा स्पर्धक काय बोलला याचा सोळाव्याच्या भाषणावर काडीचाही परिणाम होत नाही, कारण सोळाव्याचं भाषण चार दिवसांपूर्वीच पाठ झालेलं असतं. म्हणजे ही दोन बाजूंनी घेतलेली वक्तृत्व स्पर्धाच झाली.

मुलं ज्याला नुसतं ‘डिबेट’ म्हणतात तो सांघिक वादविवाद वेगळा आहे. तिथे दोन संघांचा सामना होतो, आणि परीक्षक तुमचं भाषण सुटं ऐकत नाहीत, सामना ऐकतात. समोरच्याने काय म्हटलं, तुम्ही त्याला काय उत्तर दिलं, त्यावर तो पुन्हा काय म्हणाला, या सगळ्याचा ते हिशेब ठेवतात. म्हणून वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली मुलं पहिल्या काही सामन्यांत गडबडतात आणि वर्गात सतत ‘पण का?’ विचारून शिक्षकांना हैराण करणारी मुलं इथे रमतात.

या खेळाचे बरेच प्रकार आहेत. महाविद्यालयांत चार संघांची ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धत जास्त चालते. शाळेसाठी मात्र ‘वर्ल्ड स्कूल्स’ ही पद्धत सगळ्यात रूढ आहे, म्हणून इथे तीच सांगतो. १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या शालेय जागतिक वादविवाद स्पर्धेतून ती जगभर पसरली. २०१९ मध्ये बँकॉकला झालेली ही स्पर्धा भारताच्या संघाने जिंकली होती.

कोण कुठे बसतं, कोण कधी बोलतं

समोरासमोर किंवा तिरकी लावलेली दोन टेबलं. एका टेबलावर विषयाच्या बाजूने बोलणारा संघ, म्हणजे प्रस्तावक. दुसऱ्यावर विरोधक. इंग्रजी स्पर्धांत यांना प्रपोझिशन आणि अपोझिशन म्हणतात, आणि घाईत सगळे ‘प्रॉप’ आणि ‘ऑप’. संघात तीन ते पाच मुलं असतात, पण एका सामन्यात बोलतात तिघंच. बाकीचे पुढच्या सामन्यात बोलू शकतात. मध्ये अध्यक्ष आणि वेळ पाहणारा बसतो. परीक्षकांची संख्या विषम असते, बहुधा तीन, म्हणजे निकाल बहुमताने लागतो.

बोलण्याचा क्रम असा:

१. प्रस्तावकांचा पहिला वक्ता
२. विरोधकांचा पहिला
३. प्रस्तावकांचा दुसरा
४. विरोधकांचा दुसरा
५. प्रस्तावकांचा तिसरा
६. विरोधकांचा तिसरा
७. विरोधकांचं समारोपाचं भाषण
८. प्रस्तावकांचं समारोपाचं भाषण

पहिली सहा भाषणं प्रत्येकी आठ मिनिटांची, शेवटची दोन प्रत्येकी चार मिनिटांची. म्हणजे नुसतं बोलणंच छप्पन्न मिनिटं. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी हे जड जातं, तेव्हा चार-पाच मिनिटांची भाषणं आणि दोन मिनिटांचा समारोप ठेवला तरी चालतं. नियमांचा आत्मा त्याने बदलत नाही.

शेवटचा क्रम नीट पाहा. विरोधकांचा तिसरा वक्ता बसतो आणि लगेच विरोधकांचंच समारोपाचं भाषण येतं. सलग बारा मिनिटं एकाच बाजूचा आवाज. नवख्या प्रस्तावकांचा धीर इथे सुटतो. पण अखेरचा शब्द प्रस्तावकांचा असतो, आणि ती सोय याच बारा मिनिटांच्या भरपाईसाठी आहे.

कोणती बाजू मिळणार हे नाणेफेकीने, चिठ्ठीने किंवा आयोजकांच्या तक्त्यावरून ठरतं. तुमचं स्वतःचं मत काय, हे कोणी विचारत नाही. पालकांना हे खटकतं (‘माझ्या मुलीला पटत नसलेलं बोलायला का लावता?’). पण आपल्याला न पटणारी बाजू तिच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडायची सवय आपल्या जुन्या शास्त्रार्थातही होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, प्रामाणिकपणे सांगायचा, मग त्याला उत्तर द्यायचं. प्रतिपक्षाचं म्हणणं मोडतोड करून मांडणाऱ्याला तिथेही मान नव्हता.

विषय वाचणं हेच पहिलं काम

पुढचं सगळं एकाच विषयावर समजावून घेऊ: ‘या सभेच्या मते दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द करावी.’

शेवटचा शब्द ‘करावी’ आहे. म्हणजे हा कृतीचा विषय. इथे प्रस्तावकांनी सांगायला हवं की नेमकं काय करायचं, कोणी करायचं आणि त्यानंतर काय होईल. काही विषय ‘अमुक गोष्ट चांगली आहे की वाईट’ असे असतात. तिथे योजना मांडत बसायचं नसतं, कोणत्या कसोटीवर चांगलं-वाईट ठरवायचं ते सांगायचं असतं. तिसरा प्रकार ‘या सभेला अमुक गोष्टीचा खेद वाटतो’ असा. तिथे ती गोष्ट घडलीच नसती तर जग कसं असतं, याचं चित्र रंगवावं लागतं. हा प्रकार पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

आता व्याख्या. ‘रद्द करावी’ म्हणजे राज्य मंडळाचीच की सीबीएसईचीही? त्याऐवजी काय? बारावीची राहणार का? अकरावीचा प्रवेश कशावर? पहिल्या प्रस्तावकाने ही उत्तरं तीन-चार वाक्यांत द्यायची. उदाहरणार्थ: ‘आम्ही महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेबद्दल बोलतो आहोत. तिच्या जागी नववी आणि दहावी या दोन वर्षांचं शाळेतलं मूल्यमापन येईल. दर शाळेच्या काही उत्तरपत्रिका बाहेरचे शिक्षक पुन्हा तपासतील. बारावीची परीक्षा आहे तशी राहील.’ एवढं पुरे. व्याख्येवर तीन मिनिटं घालवणारे संघ मुद्दे मांडायला वेळ उरला नाही म्हणून रडतात.

व्याख्या प्रामाणिक हवी. रस्त्यावरच्या शहाण्या माणसाला विषय ऐकून जो अर्थ लागेल तोच घ्यायचा. ‘बोर्डाची परीक्षा म्हणजे आम्ही फक्त तोंडी परीक्षा धरतो’ अशी पळवाट काढलीत तर विरोधकांचा पहिला वक्ता तिथल्या तिथे हरकत घेऊ शकतो. ती हरकत मात्र त्यानेच, त्याच भाषणात घ्यायला हवी. दुसऱ्या वक्त्याला जाग आली तर उपयोग नाही, व्याख्या मान्य झाली असंच धरलं जातं.

मुद्दा उभा कसा राहतो

वक्तृत्वाच्या सवयीचं एक भाषण ऐका: ‘बोर्डाच्या परीक्षेमुळे मुलांवर प्रचंड ताण येतो. आजचा विद्यार्थी हा उद्याचा नागरिक आहे. कळी उमलण्याआधीच ती खुडली जाते.’ टाळ्या पडतील. पण परीक्षकाच्या कागदावर एकच शब्द उतरेल: ‘ताण’.

तोच मुद्दा असा मांडून पाहा. ‘अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर ठरतो. त्यामुळे पालकांना आणि शाळेला त्या एका आकड्यापलीकडे काही दिसत नाही. दहावीचे वर्ग नववीच्या सुट्टीतच सुरू होतात. जे पेपरात येत नाही, म्हणजे प्रयोगशाळा, ग्रंथालय, चित्रकला, खेळ, त्याचे तास पोर्शनला दिले जातात. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, ज्याला क्लबात पोहायला पाठवतात, त्याचं फारसं बिघडत नाही. ज्याला हे सगळं फक्त शाळेतच मिळणार होतं, त्याचं वर्ष गेलं.’

इथे साखळी आहे. एका गोष्टीमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी, आणि शेवटी नुकसान नेमकं कोणाचं हेही सांगितलं. मुद्दा लिहून झाला की स्वतःला दोनच प्रश्न विचारा: ‘हे असंच होईल कशावरून?’ आणि ‘झालं तर काय बिघडलं?’ दोन्हीची उत्तरं भाषणात असतील तर मुद्दा उभा राहिला.

पुरावा लागतोच, पण पुरावा म्हणजे आकड्यांचा पाऊस नव्हे. ‘एका सर्वेक्षणानुसार ८७ टक्के विद्यार्थी’ असं कुठलंही सर्वेक्षण न वाचता ठोकून देणाऱ्यांना परीक्षक ओळखतात, आणि समोरचा संघ ‘कोणाचं सर्वेक्षण?’ म्हणून उभा राहिला की पंचाईत होते. त्यापेक्षा सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटना नीट वापरा. आपल्या विषयात अशा दोन हाताशी आहेत. सीबीएसईने २०१० साली दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक केली आणि २०१८ पासून ती पुन्हा सक्तीची झाली. दुसरी घटना आपल्याकडचीच. करोनामुळे २०२१ मध्ये राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला, आणि तो ९९.९५ टक्के लागला. मग अकरावीसाठी वेगळी सीईटी जाहीर झाली, तीही मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली.

हे वाचताना विरोधकांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. सुटू द्या, कारण खरा खेळ आता सुरू होतो.

खंडन: सामना इथे जिंकला जातो

विरोधकांची पहिली वक्त्री उठते आणि म्हणते, ‘शाळेच्या हातात गुण दिले की काय होतं ते आपण २०२१ मध्ये पाहिलं. जवळजवळ सगळे पास. मग अकरावीला कोणाला कुठे घ्यायचं हे ठरवता येईना, म्हणून सरकारला दुसरी परीक्षा जाहीर करावी लागली. म्हणजे एक परीक्षा घालवून तुम्ही दुसरी आणता.’

प्रस्तावक काय करतील? नवखा संघ दोनपैकी एक चूक करतो. एकतर हे ऐकलंच नाही असं दाखवून पुढचं पाठ केलेलं बोलतो, किंवा ‘ते साफ खोटं आहे’ म्हणतो. घटना खरी आहे, तिला खोटं म्हणून तुम्हीच तोंडघशी पडाल. उत्तर असं हवं: ‘२०२१ चा निकाल खरा आहे. पण परीक्षा रद्द झाल्याचं एप्रिलमध्ये कळलं. तोवर वर्षभर शाळा धड भरल्या नव्हत्या आणि शिक्षकांना मूल्यमापन आखायला वेळच मिळाला नव्हता. ती आणीबाणी होती. आम्ही दोन वर्षांच्या नोंदी आणि बाहेरची फेरतपासणी सांगतो आहोत. आणीबाणीवरून आखलेल्या योजनेचा निकाल लावता येत नाही.’

चांगलं उत्तर. पण सामना इथे संपत नाही. विरोधकांचा दुसरा वक्ता म्हणू शकतो, ‘ठीक, वेळ मिळाला असं धरू. तरीही अकरावीच्या जागांची चुरस राहणारच आणि आपल्याच मुलांना दोन गुण जास्त देण्याचा शाळेचा मोहही राहणार. तुमची फेरतपासणी काही उत्तरपत्रिकांची आहे, बोर्ड सगळ्याच तपासतं.’ पाहिलंत? त्याने प्रस्तावकांचं उत्तर मान्य केलं आणि तरीही आपली बाजू टिकवली. ‘तुमचं म्हणणं मान्य केलं तरीही’ ही चाल वादविवादातली सगळ्यात मोलाची, आणि ती पाठ करून येत नाही. समोरचं ऐकूनच येते.

खंडनासाठी सुरुवातीला एक साधा सांगाडा वापरा. ‘ते म्हणतात की…’, ‘पण आमचं म्हणणं…’, ‘कारण…’, ‘म्हणून या सामन्यात…’. पहिला भाग एका वाक्यात आटपा आणि तो प्रामाणिक ठेवा. तिसऱ्या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या, मुलं नेमका तोच गाळतात. चौथा भाग सांगतो की हा मुद्दा पडल्यामुळे त्यांच्या बाजूचं किती पडलं. समोरच्याच्या उदाहरणातली बारीक चूक काढून दोन मिनिटं त्यावर खर्च करणारे वक्ते असतात. उदाहरण पडलं तरी मुद्दा उभाच राहतो. आधी मुद्द्याला हात घाला.

विरोधकांसाठी एक खास सूचना. ‘त्यांचं हे चूक, तेही चूक’ एवढ्यावर थांबू नका. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडण्याला वितंडा म्हणतात, आणि परीक्षकही त्याला तसंच वागवतात. तुमचीही बाजू हवी. आपल्या विषयात ती अशी उभी राहू शकते: मुंबईतल्या नावाजलेल्या शाळेतली मुलगी आणि गडचिरोलीतल्या आश्रमशाळेतला मुलगा एकच प्रश्नपत्रिका सोडवतात आणि उत्तरपत्रिकेवर शाळेचं नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. बोर्ड गेलं की गुणांना शाळेच्या नावाचं वजन चिकटेल, आणि त्यात हरेल तो आश्रमशाळेतला मुलगाच.

गंमत अशी की प्रस्तावकांची साखळीही गरीब मुलावरच येऊन थांबली होती. दोन्ही संघ त्याचीच बाजू घेत आहेत. म्हणजे या सामन्याचा खरा प्रश्न सापडला: बोर्डाची परीक्षा असल्याने साधन नसलेल्या मुलाचं जास्त नुकसान होतं, की नसल्याने? दोन बाजू जिथे थेट भिडतात त्या जागेला मुलं ‘क्लॅश’ म्हणतात. तो जितक्या लवकर ओळखाल तितकं तुमच्या तिसऱ्या वक्त्याचं काम हलकं होईल.

तिघांची तीन कामं

पहिला वक्ता घर बांधतो: व्याख्या, योजना, कोण कोणता मुद्दा मांडणार त्याची वाटणी, आणि बहुतेकदा दोन मुद्दे. विरोधकांच्या पहिल्याला यात खंडनाचीही भर घालावी लागते. दुसऱ्या वक्त्याने आधी तीन-चार मिनिटं खंडन करायचं, मग संघाचा उरलेला मुद्दा मांडायचा.

तिसऱ्याचं काम सगळ्यात कठीण, आणि शाळांत नेमका सगळ्यात कच्चा मुलगा तिथे बसवतात. ‘त्याला नवीन काही बोलायचं नाही ना, जमेल,’ असा हिशेब असतो. तो उलटा आहे. तिसऱ्याचं जवळजवळ सगळं भाषण खंडनाचं असतं, आणि तेही ‘त्यांचा पहिला म्हणाला, मग दुसरी म्हणाली’ असं यादीवार करून चालत नाही. सगळा सामना दोन-तीन प्रश्नांत बांधायचा आणि प्रत्येक प्रश्नाखाली दोन्ही बाजू ठेवून आपली का वरचढ ते दाखवायचं. विरोधकांच्या तिसऱ्याला नवा मुद्दा आणता येत नाही, कारण त्याला उत्तर द्यायची रीतसर संधी समोरच्यांना उरलेली नसते.

समारोपाचं भाषण पहिला किंवा दुसरा वक्ता करतो, तिसरा नाही. इथे नवीन काही नाही, लांबलचक खंडनही नाही. चार मिनिटांत तुम्ही परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यासारखं सांगायचं की सामना कुठे फिरला. उदाहरणार्थ, ‘सामन्याच्या शेवटीही एक प्रश्न अनुत्तरित आहे: अकरावीची यादी कशावर लागणार?’ हे विरोधकांसाठी उत्तम समारोपाचं वाक्य आहे, पण ते खरं असेल तरच. प्रस्तावकांनी उत्तर दिलेलं असताना दिलं नाही म्हणालात, तर परीक्षकांच्या वहीत ते लिहिलेलं असतं.

मध्येच उठून विचारायचं

आठ मिनिटांच्या भाषणात पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट सुरक्षित असतं. मधल्या सहा मिनिटांत समोरच्या संघातलं कोणीही उभं राहून प्रश्न किंवा हरकत मांडू देण्याची मागणी करू शकतं. याला पॉइंट ऑफ इन्फर्मेशन म्हणतात, बोलताना ‘पीओआय’. एका मिनिटाला घंटा किंवा टेबलावर थाप पडते, म्हणजे दार उघडलं. सात मिनिटांना पुन्हा, म्हणजे दार बंद. आठव्याला दोनदा. त्यानंतर पंधरा-वीस सेकंदांत वाक्य पूर्ण करून बसायचं. पुढचं परीक्षक लिहीत नाहीत. समारोपाच्या भाषणात हे प्रश्न विचारता येत नाहीत.

उभं राहायचं, हात पुढे करून ‘पॉइंट’ म्हणायचं (मराठी सामन्यात ‘मुद्दा’ म्हटलं तरी चालतं), आणि थांबायचं. बोलणारा ‘नको, धन्यवाद’ म्हणाला तर मुकाट्याने बसायचं. ‘बोला’ म्हणाला तर पंधरा सेकंदांत आटपायचं. हे कबड्डीच्या चढाईसारखं आहे: आत जा, स्पर्श करा, परत या. आत रेंगाळणारा पकडला जातो. ‘तुमच्या व्यवस्थेत अकरावीची यादी कशावर लागेल?’ हा नेटका प्रश्न. ‘तुम्ही म्हणालात की ताण येतो, पण ताण तर सगळीकडेच असतो, आणि शिवाय…’ हे छोटं भाषण झालं.

बोलणाऱ्याने आठ मिनिटांत एक-दोन प्रश्न घ्यायला हवेत. एकही न घेणारा भित्रा दिसतो आणि त्याचे गुण जातात. चार घेणाऱ्याचं भाषण समोरचे चालवतात. घ्यायचा तेव्हा वाक्य पूर्ण करून, मुद्दा संपल्यावर घ्या, म्हणजे धागा तुटत नाही. बसलेल्यांनीही प्रत्येक भाषणात दोन-तीनदा उठावं. दर दहा सेकंदांनी उठून बोलणाऱ्याला सतावणं हा मात्र असभ्यपणा आहे, आणि अध्यक्ष त्याला चाप लावतात.

तासाभराची तयारी

काही विषय आठवडे आधी मिळतात, काही फक्त एक तास आधी. तासाच्या विषयात संघाला खोलीत बसवतात. मोबाईल बाहेर, इंटरनेट नाही, सर-बाई नाहीत. घाबरू नका, समोरचा संघही तशाच खोलीत आहे.

पहिली सहा-सात मिनिटं कोणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदावर सुचेल ते लिहायचं. हे पाळणं फार अवघड असतं, पण न पाळल्यास सगळ्यात मोठा आवाज असलेल्याचे मुद्दे संघाचे मुद्दे होतात. मग एकत्र या, व्याख्या ठरवा, तीन मुद्दे निवडा. चाळिसाव्या मिनिटाच्या आत दहा मिनिटं बाजू बदला आणि समोरचा संघ काय म्हणेल ते लिहा. या दहा मिनिटांना कात्री लावू नका, कारण तुमचं निम्मं खंडन इथेच तयार होतं. शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येक जण आपलं भाषण उतरवतो, पूर्ण वाक्यं नकोत, ठळक शब्द पुरेत. पूर्ण वाक्यं लिहिलीत की ती वाचाल, आणि वाचणाऱ्याची मान वर येत नाही.

सामना चालू असताना नोंदी हव्यात. मोठा कागद आडवा धरा आणि प्रत्येक वक्त्याला एक रकाना द्या. त्यांचं निळ्या शाईत, आपलं उत्तर लाल शाईत, शेजारीच. ज्या निळ्या ओळीसमोर लाल काही नाही तिथे तुमचं काम बाकी आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद यासाठी झकास. बोलणाऱ्या सोबत्याला सुचवायचं असेल तर चिठ्ठी द्या, कुजबुज नको. ती परीक्षकांना ऐकू जाते.

गुण कसे पडतात

वर्ल्ड स्कूल्सच्या रूढ पद्धतीत भाषणाला शंभर गुण: आशयाला चाळीस, शैलीला चाळीस, डावपेचाला वीस. समारोपाच्या भाषणाला याच्या निम्मे. सरासरी भाषणाला सत्तर, आणि साधारण सगळे साठ ते ऐंशीच्या मध्ये. शंभरपैकी एकोणसत्तर पाहून रडू नका, इथे तो बरा आकडा आहे.

आशय म्हणजे मुद्दे आणि खंडन. शैली म्हणजे आवाज, नजर, वेग, शब्द. डावपेच म्हणजे वेळेची वाटणी, कळीचा प्रश्न ओळखणं, भाषणाची मांडणी. आपली मुलं शैलीत मुळीच कमी नसतात, उलट जास्त असतात. ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बाल-मित्रमैत्रिणींनो’ यात वीस सेकंद जातात, सुरुवातीच्या चारोळीत आणखी वीस, आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ यात शेवटची पाच. ‘अध्यक्ष महोदय’ म्हणून थेट मुद्द्यावर या. हातवारे आणि चढउतार ठेवा, पण ते शब्दाच्या मागून येऊ द्या.

भाषेची भीती बऱ्याच मुलांना असते. मोठ्या आंतरशालेय आणि जागतिक स्पर्धा इंग्रजीत होतात हे खरं. पण इंग्रजी उच्चार विलायती नाहीत म्हणून गुण कापायचे नसतात, आणि जागतिक स्पर्धेत इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा असलेल्या संघांसाठी वेगळी पारितोषिकंही आहेत. शिवाय पद्धतीत इंग्रजी असं काही नाही. हा खेळ मराठीत शिकलेल्या मुलाला पुढे फक्त शब्द बदलावे लागतात, विचार करण्याची रीत नाही.

निकालानंतर परीक्षक थोडक्यात कारणं सांगतात. हरलेला संघ तेवढ्यात दप्तर भरत असतो, ते करू नका. परीक्षकाला जाऊन भेटा, आणि ‘आम्ही का हरलो?’ ऐवजी ‘आमचं कुठलं उत्तर तुम्हाला पटलं नाही?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सौम्य उत्तर मिळतं, दुसऱ्याला कामाचं.

शाळेत सुरुवात करायची तर

मोठ्या तयारीची गरज नाही. सहा मुलं, दोन बाक, एक मोबाईलचं घड्याळ आणि तीन परीक्षक, तेही वर्गातलेच. पहिल्या काही सामन्यांत भाषण चार मिनिटांचं आणि पीओआय नाही. नुसतं एवढंच बंधन घाला: पहिला प्रस्तावक सोडून प्रत्येकाने आपलं पहिलं मिनिट समोरच्याला उत्तर देण्यात घालवायचं. मुलं अडखळतील, ‘त्यांनी काय म्हटलं ते मी ऐकलंच नाही’ असं प्रांजळपणे सांगतील. तेव्हा घड्याळ थांबवा, समोरच्या वक्त्याला त्याचा मुद्दा एका वाक्यात पुन्हा सांगायला लावा आणि घड्याळ पुढे सुरू करा. महिन्याभराने पीओआय आणा, मग वेळ वाढवा.

परीक्षक मुलांना गुण देऊ देऊ नका, त्यांच्याकडून तीन वाक्यं लिहून घ्या: कोण जिंकलं, कोणत्या प्रश्नावर जिंकलं, आणि हरलेल्यांनी काय म्हटलं असतं तर निकाल फिरला असता. तिसरं वाक्य लिहिता येऊ लागलं की ते मूल पुढच्या आठवड्यात तिसऱ्या वक्त्याच्या जागी बसवायला तयार आहे असं समजा.

विषय मुलांच्या हाताला लागतील असे निवडा. गृहपाठ बंद करावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांवर नाच नसावेत. वर्गप्रतिनिधी निवडणुकीने ठरवावा, बाईंनी नेमू नये. सहलीला किल्ल्यावर जावं, वॉटर पार्कला नाही. ‘विज्ञान शाप की वरदान’ कृपा करून नको, त्यावर दोन्ही बाजूंची भाषणं छापील मिळतात. आणि एक सामना झाला की त्याच विषयावर, त्याच मुलांना पुढच्या शनिवारी बाजू बदलून पुन्हा उभं करा.